आधी बूड टेकव

पिरनवाडी

चि. बेबीस,


तुझा अर्धमत्स्येंद्रासनाचा फोटो बघितला. खाली विचारलंयस, "आक्का, मान अजून किती वळवू?" अगं, मानेचं मागाहून! उजवं बूड चटईवरून बोटभर वर, कंबरेत पोक, आणि डावा हात गुडघ्याला अडकवून अंग ओढतेयस. उसाचा चरक काय तो? तेही डॉक्टरांनी हाडं ठिसूळ झालीत म्हणून बजावल्यावर! शेजारच्या बाईचं पूर्ण वळतं म्हणे. वळू दे की.

कंबरेचे पाच मणके वाकण्यासाठी आहेत. त्यांचे सांधेच असे बसवलेत की वळायला एकेकाला जेमतेम अंश-दोन अंशांची मोकळीक. पीळ घ्यायचा तो वर, बरगड्यांच्या भागात. पोक काढून हाताने रेटलंस की सगळा भार मणक्यांमधल्या चकत्यांवर आणि मणक्यांच्या पुढच्या अंगावर पडतो. ठिसूळ मणका नेमका तिथंच चेपतो.

म्हणून बैठक आधी. चादरीची जाड घडी बुडाखाली घे, दोन्ही बाजू सारख्या टेकव. खालचा पाय दुमडायचा हट्ट सोड. सरळ राहू दे, वक्रासन पुरे. श्वास घेताना पाठ उंच, सोडताना आधी पोट, मग छाती, सगळ्यात शेवटी मान. हात फक्त आधाराला. श्वास अडखळला की थोडं मागं ये. सुटतानाही झटका नको.

घडीवर बसायची लाज वाटते म्हणालीस. अगं, तुझ्या पुण्यातच योगगुरू अय्यंगारांनी दोर, ठोकळे, खुर्च्या सगळं वापरायला लावलं. त्यांना पुण्याची वाटही आपल्या बेळगावनंच दाखवली, हे तुम्ही पुणेकर विसरता! इथं सिव्हिल सर्जन असलेल्या डॉ. व्ही. बी. गोखल्यांच्या पुढाकारानं ते १९३७ मध्ये डेक्कन जिमखान्यावर शिकवायला आले. खुर्चीवर आडवं बसून, खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून भारद्वाजासन करता येतं. पण खुर्चीवर फोटो चांगला येत नाही, होय ना?

मला विचारशील तर खरं बिघडलं ते माणसाचं खाली बसणं सुटल्यापासून. आता पिरनवाडीतसुद्धा लग्नाचं जेवण टेबलावर. उद्यमबागेतनं सुटलेली पोरं दिवसभर लेथपुढं उभी, घरी आली की सोफ्यावर मोबाईल घेऊन आडवी. मांडी घाल म्हटलं तर गुडघे कानाशी. आणि २१ जून आला की ह्यांना एकदम मत्स्येंद्रनाथ व्हायचं असतं! ज्याला दहा मिनिटं पाठ सरळ ठेवून जमिनीवर बसता येत नाही, त्याला पीळ शिकवूच नये. तुझ्या त्या क्लासात हे कोणी सांगत नाही? म्हणशील, आक्काचं सुरू झालं.

पण बसणं म्हणजे आईचं बसणं नव्हे हो. निपाणीच्या घरात मांडीवर सूप घेऊन ती दिवस दिवस विड्या वळायची, मान खाली ती खालीच. शेवटच्या वर्षांत तिचं लुगडं जमिनीला लागायला लागलं, आठवतं? तू म्हणायचीस, नेसायला चुकतेय. नेसायला चुकत नव्हती गं, ती आखूड होत चालली होती. मणके एकेक करून चेपत होते आणि आपण बाम चोळत होतो.

तुझ्या फोटोतली पाठ बघून रात्री झोप नाही मला. हिवाळ्यात न्हाणीघरात घसरलीस तेव्हा पाठीचा एक्स-रे काढला होता का? तुझ्या यजमानांना विचारलं तर ते "बघू" म्हणाले. डॉक्टरांना आसन करून दाखव, नुसतं सांगू नकोस. तोवर पिळायचं बंद. आणि आजच भिंतीला टाच लावून उभी राहा, यजमानांकडून उंची मोजून घे आणि मला कळव. जुन्या पासपोर्टच्या फॉर्मवर लिहिली होतीस, त्याच्याशी ताडून बघ.

तुझी,
आक्का