तबकडीचे औचित्य

गतीवाचक शब्दांची आपल्या भाषेत चंगळ आहे. प्रगती, सद्गती, अधोगती. माणसाचे मेल्यानंतर काय होते तेही आपण 'गती'नेच सांगतो. थांबवण्याचे शब्द मात्र एकतर नीतीच्या प्रांतातले आहेत (संयम, निग्रह, आवर) किंवा पागेतले : लगाम. कठोपनिषदातल्या रथाच्या रूपकात शरीर रथ आहे, बुद्धी सारथी आहे, मन लगाम आहे आणि इंद्रिये घोडे आहेत. या सगळ्या व्यवस्थेत ब्रेक नाही, आणि त्याची गरजही नाही. लगाम ओढला की घोडा थांबतो, म्हणजे ज्याने गती दिली तोच ती मागे घेतो. मोटारीत ही सोय फार थोडी आहे. पेट्रोल तोडले तरी आधीच कमावलेला वेग शिल्लक उरतो आणि त्याची कुठेतरी विल्हेवाट लावावी लागते. ती विल्हेवाट चाकाआडच्या एका बिडाच्या तबकडीवर लागते, उष्णतेच्या रूपात.

साहित्य शिकवणाऱ्या माणसाने या तबकडीचा महिनाभर अभ्यास करावा, याला कारण माझा भाचा. तो अमेरिकेत अभियांत्रिकी शिकतो. तिथे त्याने १९९५ सालची माझदा एमएक्स-५ ही दोन आसनी, उघड्या टपाची छोटी स्पोर्ट्स कार जुन्यात घेतली. शर्यतीचे काही ट्रॅक तिकडे हौशी चालकांना दिवसभरासाठी मोकळे असतात. हेल्मेट लागते, गाडीची आधी तपासणी होते, नवख्याच्या शेजारी एक प्रशिक्षक बसतो. तिथे जाण्यापूर्वी त्याला तबकड्या बदलायच्या होत्या आणि त्यासाठी थोडे उसने पैसे हवे होते.

"मामा, भोकं पाडलेल्या तबकड्या घ्यायच्या आहेत. चाकाच्या आऱ्यांतून काय दिसतात म्हणून सांगू! आणि आईला यातलं काही सांगू नकोस."

'नाही' म्हणणे सोपे होते. पण पैसे मिळाले नाहीत तरी तो जाणार, आणि जुन्याच ब्रेकवर जाणार, हे मला त्याच्या आवाजावरून कळले. तेव्हा 'नाही' म्हणून माझे हात स्वच्छ राहिले असते, इतकेच. आणि 'हो' म्हणायचे, तर कशाला 'हो' म्हणतो आहोत ते कळायला हवे होते. मी त्याच्याकडे एक महिना मागून घेतला.

पहिली गोष्ट कळली ती अशी, की गाडी ब्रेकमुळे थांबत नाही. ब्रेक फक्त चाक अडवतो. गाडी थांबते ती टायर आणि रस्ता यांच्यातल्या पकडीमुळे. जुने ब्रेकही चाक जागच्या जागी घट्ट करण्याइतके समर्थ असतील, तर नव्या तबकड्यांनी गाडी एक फूटही आधी थांबत नाही. मग तबकडी बदलून मिळते काय? तर पहिल्या वेळी जसा ब्रेक लागला तसाच दहाव्या वेळी लागण्याची शाश्वती.

हिशेब साधा आहे. चालकासह १००० किलोची गाडी ताशी १४४ किलोमीटरवरून ७२ वर आणली, तर वेग निम्मा होतो, पण ऊर्जेचा तीन चतुर्थांश भाग खर्ची पडतो : ६०० किलोज्यूल. ब्रेक लावताना भार पुढे झुकतो म्हणून त्यातला सुमारे सत्तर टक्के वाटा पुढच्या दोन चाकांकडे जातो. तबकडी पाच किलोची धरली तर एका वळणापूर्वी तिचे तापमान जवळजवळ ९० अंशांनी वाढते. ट्रॅकवर पुढचे वळण ती निवण्याआधीच येते, आणि त्यानंतरचेही. रस्त्यावर आयुष्यभर न येणारा प्रसंग तिथे एका फेरीत चार-पाचदा येतो.

या चढत्या तापाची दोन फळे असतात. पॅडचे द्रव्य सोसण्यापलीकडे तापले की पाय घट्ट दाबला तरी गाडी पुरेशी मंदावत नाही. किंवा ब्रेकचे तेल उकळते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पायाखालचा दांडा मऊ पडत तळाशी जातो. हे तेल हवेतले पाणी शोषत राहते. 'डॉट ४' प्रतीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो. पाणी मुरलेल्या तेलासाठी तीच मर्यादा १५५ वर येते. आपल्याकडे कसारा किंवा बोरघाट उतरणारे जुने ट्रकचालक ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये उतरावा म्हणतात, ते याच भयापोटी. लायनर जळाल्याचा वास घाटात ज्याने घेतला आहे, त्याला हे वेगळे समजावून द्यायला नको.

आता भोकांविषयी. एके काळी त्यांना निश्चित अर्थ होता. जुन्या पॅडमधली बंधक द्रव्ये तापली की वायू सुटे आणि पॅड व तबकडी यांच्यात त्याचा पातळ थर साचे. भोकांतून तो निघून जाई. आजच्या पॅडमधून असा वायू फारच कमी सुटतो. पावसात पाणी निचरायला भोके उपयोगी पडतात, वजनही थोडे घटते. पण वजन घटते म्हणजे उष्णता साठवणारे बीडच घटते. आणि तापण्या-निवण्याच्या चक्रात तडे सुरू होतात ते बहुधा भोकाच्या कडेपासून. फॉर्म्युला वनच्या तबकड्यांना हजाराहून अधिक छिद्रे असतात, हा भाच्याचा युक्तिवाद खरा होता. पण ती तबकडी कार्बनची असते आणि ती छिद्रे घासणाऱ्या पृष्ठभागावर नसतात. ती तबकडीच्या जाडीत, कडेने आत जाणारी, हवा खेळवणारी असतात. आपल्या गाडीच्या साध्या पुढच्या तबकडीत हेच काम दोन पत्र्यांमधल्या पोकळीतल्या पाती करतात. त्या बाहेरून दिसत नाहीत, एवढाच त्यांचा दोष.

मोठी तबकडी हा दुसरा पर्याय. त्याच्या गाडीची पुढची तबकडी २५५ मिलिमीटर व्यासाची. याच गाडीच्या पुढच्या पिढीत २००१पासून २७० मिलिमीटरची मिळू लागली. तिच्यात बीड जास्त, म्हणून ताप सोसण्याची ताकद जास्त. पण तिच्यावर चौदा इंची चाक बसत नाही, पंधरा इंची घ्यावे लागते. शिवाय फक्त पुढचीच मोठी केली तर पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल बिघडतो. पुढची चाके आधी अडखळतात, मागची आपला वाटा पूर्ण उचलत नाहीत, आणि खर्च करून थांबण्याचे अंतर वाढूही शकते. पोर्शने २००१मध्ये ९११ जीटी२ला दिल्या तशा सिरॅमिक तबकड्या बिडाच्या निम्म्या वजनाच्या असतात, पण त्यांच्या किमतीत आमच्यासारख्यांनी पडू नये.

या वाचनात ल मांसची २४ तासांची शर्यत दोनदा आली. १९५३ साली तिथे टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांची जग्वार जिंकली आणि डनलॉपचे डिस्क ब्रेक जगाला माहीत झाले : बाकीचे ड्रम तापून निकामी होऊ नयेत म्हणून आधीच वेग आवरत, तेव्हा ही गाडी वळणाच्या बरीच जवळ जाऊन ब्रेक लावू शके. चांगल्या ब्रेकने वेग कमी होत नाही, वाढतो, हे कोडे इथे सुटते. दोन वर्षांनी, १९५५मध्ये, तिथेच माइक हॉथॉर्नची डिस्क ब्रेकवाली जग्वार पिटमध्ये जाण्यासाठी एकदम मंदावली. मागची ऑस्टिन-हीली तिला चुकवायला बाजूला वळली आणि तिच्यावर पिएर लव्हेची ड्रम ब्रेकवाली मर्सिडीज वेगात आदळली. ऐंशीहून अधिक प्रेक्षक आणि स्वतः लव्हे मरण पावले. दोष कोणाचा यावर पुढे पुष्कळ लिहिले गेले. मला त्यातून एवढेच दिसले, की ब्रेक ही कोणाचीही खाजगी मालमत्ता नाही. आपण किती लवकर थांबतो, यावर मागच्याचे आयुष्य अवलंबून असते.

अकराव्या शतकातल्या काश्मीरच्या क्षेमेंद्राने 'औचित्यविचारचर्चा' लिहून औचित्याला काव्याचे जीवित मानले. अलंकार मुळात वाईट नाही; तो आपल्या स्थानी नसेल तर हास्यास्पद होतो, असे त्याचे म्हणणे. दरवर्षी विद्यार्थी हे परीक्षेपुरते पाठ करतात, आणि शिकवताना मलाही ते शिष्टाचाराच्या नियमासारखे वाटत आले होते. तबकडीच्या निमित्ताने त्याची धार जाणवली. भोक हा तबकडीचा अलंकार. एका काळी, एका द्रव्याच्या संगतीत तो अर्थपूर्ण होता. संगत बदलली, रूप तेवढे उरले. कवितेत असे झाले तर फार तर कविता पडते. इथे अनौचित्याचे माप बिडाच्या तड्यात घेतले जाते.

महिन्याने मी त्याला फोन केला. "साध्या तबकड्या घे, जशा मूळ गाडीला होत्या तशाच. उरलेल्या पैशांत ट्रॅकवरचा ताप सोसणारे पॅड आणि ताजं तेल."

तो हसला. "मामा, हेच मला इथल्या प्रशिक्षकांनी सांगितलं होतं. पण साध्या तबकडीचा फोटो कोण काढतं?"

"मग फोटो काढू नकोस. आणि पैसे पाठवतो, पण ताईला तू स्वतः सांगायचंस."

पॅड आणि तबकडी त्याने रीतसर एकमेकांवर बसवून घेतले : मोकळ्या रस्त्यावर पुनःपुन्हा मध्यम ब्रेक लावून, मध्ये निवू देऊन, पॅडच्या द्रव्याचा पातळ, सारखा थर तबकडीवर चढेपर्यंत. 'तबकडी वाकली' असे गॅरेजमध्ये ज्याला म्हणतात, ते पुष्कळदा हा थर वेडावाकडा बसल्यामुळेच होते म्हणे. ताईलाही त्याने सांगितले. ती चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी तिने मला तेलाच्या उत्कलनबिंदूविषयी विचारले.

ट्रॅकवरून आल्यावर त्याने वेगाबद्दल काहीच सांगितले नाही. शेवटच्या फेरीतही पायाखालचा दांडा पहिल्या फेरीइतकाच घट्ट होता, हे मात्र दोनदा सांगितले. आता दर खेपेनंतर तो तबकडीची जाडी मोजतो. प्रत्येक ब्रेकबरोबर ती कणभर झिजते, आणि किती झिजल्यावर तिला निवृत्त करायचे तो आकडा तिच्याच अंगावर कोरलेला असतो.