बिनचूक ठेकेदार

गाणाऱ्याला टाळ्या मिळतात, पेटीवाल्याला मान डोलावून दाद मिळते, आणि तबलजीच्या वाट्याला बहुधा तक्रार येते. लय चढली तर ती तबलजीने चढवली. लय पडली तर ती तबलजीने पाडली. गवई स्वतः समेला चुकला तरी श्रोते आधी तबल्याकडे पाहतात आणि मग एकमेकांकडे. नोकरी सांभाळून चाळीस वर्षे मी हौसेने तबला वाजवला, तेव्हा ह्या नजरा माझ्या चांगल्या परिचयाच्या आहेत. एकादशीची भजने, गणेशोत्सवातली गाणी, शेजारच्या मुलींच्या संगीताच्या परीक्षा. कुठेही ‘तबल्याला कोणी आहे का?’ असा प्रश्न निघाला, की बोट माझ्याकडे वळायचे. इतक्या वर्षांत मला एकच गोष्ट पक्की समजली. साथीदाराचे खरे काम वाजवणे नव्हे, वाट पाहणे. गाणारी श्वासाला अडली, की आपण केसभर मागे राहायचे. ती घाबरून पुढे धावली, की तिला न कळू देता तिच्याबरोबर दोन पावले धावायचे. आणि समेवर दोघांनी अशा साळसूदपणे भेटायचे, की जणू मध्ये काही घडलेच नव्हते!

अशा माणसाला एका विलायती बँडने नादी लावावे, हा माझ्या भाच्याचा पराक्रम. तो नोकरीनिमित्त इंग्लंडात बर्मिंगहॅमला असतो. एकदा फोनवर म्हणाला, “मामा, आमच्या गावचा एक बँड आहे. दोनच माणसे. ड्रम वाजवायला माणूसच नाही. त्याच्या जागी यंत्र. तुम्ही तबलजी, म्हणून मुद्दाम सांगतो. ऐकून पाहा.”

ऐकून पाहिले. यंत्राचा घणघणाट सुरू झाला आणि एक मिनिट झाले नसेल, तोच सौभाग्यवतींनी आतून विचारले, “मिक्सरमध्ये चमचा पडला का हो?” प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. ह्या संगीताला ‘इंडस्ट्रियल मेटल’ म्हणतात. ‘मेटल’ म्हणजे रॉक संगीताचा तो प्रकार, ज्यात विजेच्या गिटारीचा आवाज मुद्दाम फाटका आणि जाड करून वाजवतात; आणि ‘इंडस्ट्रियल’ म्हणजे त्यात कारखान्यातल्यासारखे ठोके आणि खडखडाट आले. बँडचे नाव गॉडफ्लेश. देवाचे मांस! नाव ऐकून आपण दचकतो. पण ते ठेवणाऱ्यांचा आशय साधा होता: ‘देव’ म्हणजे कल्पनेत न मावणारे काहीतरी, आणि ‘मांस’ म्हणजे थेट अंगाला भिडणारे.

हे संगीत बर्मिंगहॅमलाच का उगवले, हे समजायला त्या गावाची कुंडली पाहायला हवी. पेनच्या निबांपासून मोटारींपर्यंत सगळे घडवणारे ते हजार धंद्यांचे शहर. तिथल्या धातूने तिथले संगीत घडवले, हे अलंकारिक बोलणे नव्हे. टोनी आयोमी हा सतरा वर्षांचा पोरगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. तो डावखुरा; गिटारीच्या तारा दाबायचा हात नेमका तोच. पठ्ठ्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, हलक्या तारा लावल्या, पुढे त्या सैलही केल्या. आणि त्यातून जो खोल, जड स्वर निघाला त्यावर ‘ब्लॅक सॅबथ’ उभे राहिले. त्यांची पहिली तबकडी १९७० सालची. हेवी मेटलचा वंशवृक्ष तिथून सुरू होतो. त्यांचा गायक ऑझी ऑस्बर्न ह्याने तरुणपणी मोटारींचे भोंगे सुरात लावण्याची नोकरी केली होती. २०२५च्या ५ जुलैला आपल्याच गावातल्या व्हिला पार्क मैदानावर तो शेवटचे गायला, आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेला गेला.

जस्टिन ब्रॉडरिक ह्याच शहरात १९६९ साली जन्मला, पण त्याच्या वाट्याला निराळे शहर आले. तो वयात येईपर्यंत कारखान्यांना कुलपे लागू लागली होती. आयोमीच्या पिढीला यंत्रांच्या कर्कश्शपणाचा त्रास. ह्याच्या पिढीला ती यंत्रे बंद पडल्याचा. पोरगा विलक्षण हरहुन्नरी. १९८६ साली, सोळा-सतरा वर्षांचा असताना, ‘नेपाम डेथ’ ह्या बँडच्या ‘स्कम’ ह्या तबकडीच्या एका बाजूला त्याने गिटार वाजवली. ही तबकडी १९८७ साली निघाली. तिच्यातले एक गाणे १.३१६ सेकंदांचे आहे, आणि सर्वांत छोटे गाणे म्हणून गिनीजच्या विक्रमांत त्याची नोंद झाली. आपला ‘धा’ उमटेपर्यंत त्यांचे गाणे संपते! एवढ्या झपाट्याच्या संगीतातून हा मुलगा बाहेर पडला आणि थेट विलंबितात शिरला.

आता मला ज्या गोष्टीने खिळवून ठेवले, ती सांगतो. हा ब्रॉडरिक ड्रमही वाजवणारा. जी. सी. ग्रीन ह्या बेस गिटार वाजवणाऱ्या मित्राच्या ‘फॉल ऑफ बिकॉज’ ह्या बँडमध्ये तो ड्रमवर होता. मग ‘हेड ऑफ डेव्हिड’मध्येही ड्रमवरच. १९८८ साली त्याने आणि ग्रीनने गॉडफ्लेशचा संसार मांडला, तेव्हा त्याने स्वतः गिटार घेतली, गळा लावला, आणि ड्रमच्या जागी यंत्र बसवले. डोक्यात होता तसा निष्ठुर, नेमका ठोका त्याच्या स्वतःच्या हातून निघत नव्हता. म्हणजे ड्रमवाल्याला यंत्राने घालवले नाही. ड्रमवाल्यानेच आपली जागा यंत्राला बसायला दिली! आणि दिली ती लपवूनछपवून नव्हे. तबकडीच्या वेष्टनावर वादकांची नावे छापतात त्या यादीत ब्रॉडरिक, ग्रीन आणि त्यांच्या पंक्तीला ‘मशीन्स’ असे सरळ छापलेले. आमच्याकडे कित्येक कार्यक्रमपत्रिकांवर जित्याजागत्या तबलजीचे नाव राहून जाते, ते आठवून मी मनात त्या यंत्राला नमस्कार केला.

पहिली छोटी तबकडी १९८८ साली बर्मिंगहॅममधल्याच स्वोर्डफिश ह्या संस्थेने काढली. खरे नाव झाले ते पुढच्या वर्षीच्या ‘स्ट्रीटक्लीनर’ने. ती नॉटिंगहॅमच्या इअरेक कंपनीने काढली. ही तबकडी मी पुष्कळदा ऐकली आहे. घरात कोणी नसताना, हे सांगायला नकोच. लय इतकी संथ, की दोन ठोक्यांच्या मध्ये माणूस उसासा टाकू शकेल. बेस गिटार जमिनीखालून घरघरते. वर ब्रॉडरिकची गिटार किंचाळते, त्याचा आवाज ओरडतो, कण्हतो, विनवतो, आणि यंत्र? यंत्र ढिम्म! त्याला कशाचेच सोयरसुतक नाही. ते आपले पडते आणि उठते. पहिल्यांदा मला ह्या यंत्राचा राग आला. पाच-सात वेळा ऐकल्यावर ध्यानात आले, की तो राग यावा हीच तर योजना आहे. न थांबणाऱ्या वस्तूसमोर उभा राहिलेला थांबू पाहणारा माणूस, हेच त्या गाण्याचे कथानक आहे. भिंत सरळ असल्याखेरीज तिच्यावरची सावली हलताना दिसत नाही.

मग बरकतीचे दिवस आले. १९९२ साली ‘प्युअर’ आली. १९९४च्या ‘सेल्फलेस’च्या वेळी अमेरिकेतल्या कोलंबियासारख्या बलाढ्य कंपनीने हात पुढे केला, पण कंपनीच्या अपेक्षेएवढा खप झाला नाही, आणि तो हात मागे गेला. लॉस एंजेलिसच्या ‘फिअर फॅक्टरी’सारख्या तरुण बँडांनी ह्यांच्यापासून धडे घेतले आणि ते ह्यांच्यापेक्षा कितीतरी अधिक लोकप्रिय झाले. गुरूने गरीब राहायचे आणि शिष्याने बंगला बांधायचा, ही रीत केवळ आपल्याकडचीच नाही, एवढाच ह्यातला दिलासा!

आणि इथे, १९९६ साली, ‘साँग्ज ऑफ लव्ह अँड हेट’ ह्या तबकडीत बँडमध्ये माणूस आला. ब्रायन मँटिया हा हातखंडा ड्रमवादक. १९९९च्या ‘अस अँड देम’मध्ये यंत्र परतले, पण ते नव्या धर्तीच्या नाचाचे कपडे घालून, आणि २००१च्या ‘हिम्स’मध्ये पुन्हा माणूस, टेड पार्सन्स. तबलजी म्हणून मला आनंद व्हायला हवा. पार्सन्स वाजवतो उत्तमच. तो ऐकतो, गिटारीचा कल पाहतो, तिच्या पुढेमागे होतो, थोडक्यात साथ करतो. पण साथ मिळताच त्या गाण्यातला माणूस एकटा राहिला नाही, आणि तो एकटा राहिला नाही तेव्हा त्याच्या ओरडण्याचे कारणच अर्धे उरले. भिंत मऊ झाली.

भिंत मऊ झाली म्हणून घर पडले, असे मी म्हणणार नाही. माणसांच्या आयुष्याला इतके सोपे हिशेब लागू पडत नाहीत. घडले ते असे. ‘हिम्स’ निघाली त्याच सुमारास ग्रीन बँड सोडून गेला. इतक्या वर्षांचा मित्र गेल्यावर ब्रॉडरिकने ‘किलिंग जोक’च्या पॉल रेव्हनला घेऊन गाडी ओढून पाहिली. २००२च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर निघायच्या दिवशी त्याचे मन पार खचले. घराबाहेर पाऊल पडेना. दौरा रद्द झाला, आणि चौदा वर्षांचा बँड संपला.

पण कलावंत संपला नव्हता. ‘हिम्स’मधल्या शेवटच्या गाण्याचे नाव ‘जेसू’. तेच नाव देऊन त्याने नवा बँड काढला. त्याचे संगीत तितकेच संथ, पण हळवे, सुरेल. आणि गंमत पाहा, तिथे ड्रमला त्याने टेड पार्सन्सलाच बोलावले! म्हणजे माणसाच्या हाताशी ह्या गृहस्थाचे वैर कधीच नव्हते. जिथे सांत्वन हवे तिथे त्याने माणूस बसवला. पुढे ग्रीनशी पुन्हा सूर जुळला, आणि २०१०च्या जूनमध्ये फ्रान्समधल्या हेलफेस्टच्या रंगमंचावर गॉडफ्लेश परत उभे राहिले: दोन माणसे आणि एक यंत्र. २०१४ साली ‘अ वर्ल्ड लिट ओन्ली बाय फायर’, २०१७ साली ‘पोस्ट सेल्फ’, २०२३ साली ‘पर्ज’; तिन्हींत ठेका यंत्राचा. ‘पर्ज’च्या वेळी ब्रॉडरिकने स्वतःच्या ऑटिझमविषयी आणि जुन्या आघातांनी मनावर ठेवलेल्या आजाराविषयी मोकळेपणाने सांगितले, आणि हे संगीत म्हणजे त्यातून मिळणारी घटकाभराची सुटका आहे असेही. ते वाचल्यावर मला त्या निष्ठुर ठोक्याची आणखी एक बाजू दिसली. ज्याच्या आत सारखे काहीतरी हेलकावत असते, त्याला बाहेर एखादी तरी न हलणारी वस्तू लागत असेल. धरायला खांब हवा; खांब प्रेमळ असण्याची गरज नसते.

हे सगळे मी इतक्या आस्थेने का उगाळतो आहे, असे तुम्ही विचाराल. कारण घरचे आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या उजव्या हाताच्या बोटांना कंप सुटला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, वयाचा हवाला दिला, आणि तबल्याच्या जोडीवर गवसणी चढली. नात गाणे शिकते. तिच्या रियाजासाठी मुलाने इलेक्ट्रॉनिक तबला आणला. जेवणाच्या डब्याएवढे यंत्र. ताल निवडा, लय ठरवा, की ते सुरू. चुकत नाही, दमत नाही, मध्येच चहा मागत नाही. त्या दिवशी माझ्या रिकाम्या जागेवर, सतरंजीच्या त्याच कोपऱ्यात, ते ठेवलेले पाहिले, आणि घशात काहीतरी अडकले, एवढे सांगितले तरी पुरे.

ब्रॉडरिकच्या इतक्या वर्षांच्या खटपटीने मला त्या डब्याशी बोलायला शिकवले. तो माझ्या जागी आलेला नाही. माझी जागा त्याला भरता येतच नाही. त्याचे काम भिंतीचे. त्याच्यासमोर गाताना नातीची लय कुठे घसरते ते तिला स्वच्छ ऐकू येते. मी वाजवत असताना ते कधीच ऐकू येत नसे, कारण मी तिच्याबरोबर घसरून तिची चूक झाकत असे. पण दिवसभराच्या शाळेनंतर तिचा श्वास मोडतो, डोळे भरून येतात आणि डबा ‘धिन् धिन् धा’ करीत पुढे चालूच राहतो, तेव्हा कोणीतरी वाट पाहणारे लागते. म्हणून मी समोर बसतो. हातावर टाळी आणि खाली दाखवतो. आणि तशी वेळ आली, की पुढे होऊन त्या बिनचूक ठेकेदाराचे बटण दाबतो. तेवढ्या कामाला कापरा हातसुद्धा पुरतो.