एकाच अक्षांशावरचे वाणी

कोयनानगर आणि आटपाडी. नकाशावर पट्टी ठेवली तर दोन्ही गावे जवळजवळ एका रेषेत येतात, १७.४ अंशांवर. मधले अंतर सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटर. पाऊस मात्र एकीकडे ५,००० मिलिमीटरच्या घरात, तर दुसरीकडे ५०० च्या आतबाहेर. निव्वळ अक्षांश पाहून जीवजातींचा अंदाज बांधणाऱ्याने आधी हा प्रवास एसटीने करावा.

*

जगात वाणी किड्याच्या १२,००० च्या आसपास जातींची नोंद झाली आहे. भारताच्या २०१६ सालच्या यादीत त्या सुमारे २७०, ब्रिटनमध्ये साठ-पासष्ट, अंटार्क्टिकात एकही नाही. विषुववृत्ताकडे जावे तशा जाती वाढतात हा नियम इथेही लागतो, पण ढोबळमानानेच. अमेरिकेतले दक्षिण अ‍ॅपलेशियन डोंगर ३५ अंशांच्या आसपास, थंडीत बर्फ पडणारे. तरी वाणींच्या बाबतीत ते भलतेच श्रीमंत आहेत.

*

नियम असा ढिला पडण्याचे कारण या प्राण्याच्या अंगातच आहे. कीटकांच्या अंगावर असतो तसा मेणाचा पक्का थर बहुतेक वाणींना नसतो आणि श्वासाची छिद्रे मिटता येत नाहीत. कोरडी हवा लागली की अंगातले पाणी उडाले. पंख नाहीत, पळ नाही. एखादी उघडी खिंड किंवा नदीचे पात्र आडवे आले की वाट संपली. म्हणून एका खोऱ्यातली जात पिढ्यानपिढ्या त्याच खोऱ्यात राहते आणि हळूहळू शेजारणीपेक्षा वेगळी होते. एकाच रानात मोजायला बसलात तर उष्ण कटिबंधातही आकडा डोळे दिपवणारा नसतो. पुढचा डोंगर चढलात की निराळी मंडळी भेटतात. बेरीज वाढते ती तिथे.

*

जुलैत कऱ्हाडकडच्या उसाच्या एखाद्या खोडव्यात पाचट उचलून पाहावे. खाली ओल आणि काळपट-तांबडे वाणी. एक तळहातावर घेतला की आधी वेटोळे करून पडतो, मग सावकाश उलगडतो. पायांची लाट शेपटाकडून डोक्याकडे सरकते आणि दर कड्याला पायांच्या दोन जोड्या स्पष्ट दिसतात. जास्त छेडला तर आयोडीनसारखा उग्र वास येतो आणि बोटावर तपकिरी डाग पडतो, तो लवकर जात नाही. हे बेंझोक्विनोन. चपट्या, कडेला पंखुड्या असलेल्या वाणींचा वास वेगळा, कडू बदामासारखा. त्यात हायड्रोजन सायनाइड असते. मुलांना सांगावे, हात धुवा, डोळे चोळू नका.

*

सोयाबीनची कोवळी रोपे कुरतडतात म्हणून वाणी बदनाम. रात्री शेतात गवताचे ढीग ठेवा, सकाळी त्याखालचे वाणी गोळा करून मिठाच्या पाण्यात टाका, हा सल्ला ठरलेला. रोपांचे नुकसान खरे आहे, त्यात वाद नाही. पण उरलेला काळ ते कुजका पाला खाऊन त्याची माती करतात, हे त्यांच्या खात्यावर कोणी मांडत नाही.

*

कार्ल आटेम्स या ऑस्ट्रियन अभ्यासकाचा भारतातल्या वाणींवरचा ग्रंथ कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमने १९३६ साली काढला. त्याच्या काही वर्षे आधी जिनिव्हाचे ज्याँ कार्ल यांनी नीलगिरी आणि पळणीचे डोंगर पालथे घातले. दक्षिण सह्याद्री यादीत भरगच्च दिसतो, त्यात पावसाचा आणि जुन्या रानांचा वाटा आहेच. पण जिथे माणसे वाकून पाला चाळतात तिथल्याच जाती यादीत चढतात, हेही विसरू नये. माझ्या मते चांदोली-कोयनेच्या रानांच्या वाट्याला असे वाकणारे फार कमी आले.

*

सागरेश्वर हे सांगली जिल्ह्यातले लावलेले रान, वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून उभे राहिलेले. हरणे तिथे आणून सोडली. वाणी कोण आणून सोडणार? ते रोपवाटिकेच्या मातीतून येतात. एक तांबडी जात तर माणसाच्या मालाबरोबर जगभरच्या उष्ण प्रदेशांत पसरली आहे. अशा ठिकाणी जाती मोजताना मूळची कोणती आणि पाहुणी कोणती, हे वेगळे लिहावे लागते.

*

टेंभू योजनेने कृष्णेचे पाणी आता आटपाडीच्या शिवारात नेले आहे. अक्षांश तोच, ओल नवी. त्या बाजूला राहणाऱ्यांनी या पावसाळ्यात दिसेल त्या वाणीचा फोटो काढावा. पाठीचा एक आणि पोटाकडूनही एक, सातव्या कड्याजवळचा, कारण बहुतेक जातींत नराची ओळख तिथल्या बदललेल्या पायांवरून पटते. सोबत गावाचे नाव आणि तारीख लिहा. नुसते ‘सह्याद्री’ लिहिलेला फोटो कोणाच्या कामाचा नाही.