पाऊणकी

शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी घोकून घेतली, पण पाऊणकीचं काय करायचं ते मास्तरांनी सांगितलं नाही. ते आजीने दाखवलं. आमचं घर दाभोळच्या खाडीकाठी. कालवं काढायला जायचं तर सुकती कधी लागणार ते आधी कळायला हवं. आजी तिथी विचारायची आणि तिची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन वाजता पुरी भरती, अष्टमीला सहा वाजता. त्यात सहा तास मिळवले की सुकती. पौर्णिमा सरली की पुन्हा एकपासून. तिला अक्षरओळख नव्हती. चंद्र रोज पन्नासेक मिनिटं उशिरा उगवतो आणि भरतीला तेवढंच मागे ढकलतो, हे मला पुढे पुस्तकात सापडलं. आजी पंचेचाळीस धरायची, आणि तिचं भागायचं.

मुंबईत पाऊणकी विसरलो होतो. २६ जुलै २००५ला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, त्यात दुपारची भरती, आणि गुडघाभर पाण्यात उभा असताना मी बोटांवर तिथी मोजतोय हे माझं मलाच कळलं.

नोकरीने कोलकात्याला आणलं. इथेही मुसळधार पावसात हुगळीला भरती आली की गटारांची दारं बंद ठेवावी लागतात, नाहीतर नदीच शहरात शिरेल. मग पाऊस रस्त्यावर तुंबून राहतो. बाबूघाटावर मी पाऊणकी लावून पाहिली. चुकली. समुद्र इथून शंभराहून अधिक किलोमीटर लांब. भरतीला वर चढत यायलाच वेळ लागतो. आजीचं गणित तिच्या खाडीपुरतं होतं, हे इतक्या वर्षांत मनात आलं नव्हतं.

म्हणून, समुद्राजवळ ते जुळतं का हे पाहायला, सप्टेंबरअखेरीस, पौर्णिमेनंतरच्या द्वितीयेला सुंदरबनात गेलो. सियालदहहून लोकलने कॅनिंग, पुढे गोदखाली, तिथून होडी. लोक इथे थंडीत येतात, ओहोटीला चिखलावर पहुडलेल्या मगरी बघायला. मी उधाणात आलेला पाहून होडीवाल्याला माझी कीव आली असावी. (बंगालीत नावाड्याला ‘माझी’ म्हणतात.) सजनेखालीच्या पुढे चिखल नव्हताच. एरवी भाल्यांसारखी वर आलेली श्वासमुळं पाण्याखाली, झाडं कमरेपर्यंत बुडालेली. वाघाचं तर नावच नको. १९८४पासूनचं हे राष्ट्रीय उद्यान, पण त्या दिवशी ते नुसतं पाण्याचं होतं. आणि पाणी डोंगरातलं नाही. मातला नदीला वरून गोडं पाणी येणं केव्हाच तुटलंय, त्यामुळे इथला पूर समुद्रच आणतो.

“भरा कोटाल,” माझी म्हणाला. आमचं उधाण. आम्ही भांग म्हणतो त्याला त्यांचा शब्द ‘मरा कोटाल’. मी त्याला पाऊणकी सांगितली. तो हसला. “कुठल्या घाटाची, दादा?” कॅनिंगची वेळ वेगळी, गोसाब्याची वेगळी, त्याला साऱ्या तोंडपाठ.

परतताना गोसाब्याच्या बांधावर उतरलो. साऱ्या सुंदरबनातल्या वस्तीच्या बेटांना असे साडेतीन हजार किलोमीटर बांध आहेत, बहुतेक मातीचे. बाया घमेल्यांनी चिखल वर चढवत होत्या. २००९चं आयला चक्रीवादळ अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी आलं. २०२०चं अम्फान अमावास्येच्या दोन दिवस आधी. २०२१चं यास तर ऐन पौर्णिमेला, आणि त्यात पाणी बांधांवरून आत आलं. वादळ कुठल्याही तिथीला येतं. उधाणात येतं ते गाव घेऊन जातं.

एका म्हातारीने मला काहीतरी विचारलं. माझीने उलगडलं: अमावास्या किती दिवसांवर?

अंगठा करंगळीच्या पेरावर ठेवून मी मोजायला लागलो. ती उत्तराला थांबलीच नाही. “तेरा,” घमेलं उचलताना तीच म्हणाली. मी तेव्हा नवावर होतो.