भाच्याचं हॉटेल आणि भांडी घासायचं मशीन

माझ्या भाच्याचं परळला जेवणाचं छोटंसं हॉटेल आहे. त्याला भांडी घासायचं मशीन घ्यायचंय. गेले दोन महिने आमच्याकडे दुसरा विषय नाही. नातेवाइकांना हे पुराण तोंडपाठ झालंय, बाकीच्यांसाठी लिहिते.

त्याचा हिशोब सरळ होता. दुपारी साडेबारा ते अडीच दोनशे ताटं उठतात. मोरीवर दोन मावश्या आहेत, मशीन आलं की एक पुरे. मला बोलावलं ते आकडेमोडीला. मी आयुष्यभर मराठी शिकवलं, पण शिक्षक म्हटला की त्याला सगळंच येतं अशी आमच्या घराण्याची समजूत आहे. असो.

माहितीपत्रकात छापलं होतं, तासाला साठ रॅक. रॅक म्हणजे अर्धा मीटर लांब-रुंद प्लास्टिकची जाळी, तिच्यात ताटं उभी लावायची. चित्रात चिनी मातीच्या सपाट प्लेटा ओळीने उभ्या. मी भाच्याला म्हटलं, आपली ताटं घेऊन दुकानात चल. पिशवीतून स्टीलची ताटं निघाली तसा विक्रेता जरा हसला. आमची उभ्या काठाची ताटं एका जाळीत बाराच बसली, वाट्या आणि पेले पंचवीस-पंचवीस. म्हणजे ताटांच्या १७ जाळ्या, चारशे वाट्यांच्या १६, पेल्यांच्या ८, चमच्यांच्या २. एकूण ४३, आणि वेळ दोन तास. साठवालं कशाला, तासाला तीसवालं लहान मशीनही पुरतं! ते ओट्याखाली बसतं, स्वस्तही पडतं. भाचा खूश.

घरी येण्याआधी मी मोरीवर गेले. तिथल्या थोरल्या मावशी वीसेक वर्षं तिथे आहेत, गुडघे गेलेत. त्यांना चित्र दाखवलं. त्यांनी ते नीट पाहिलं आणि विचारलं, "बाई, दर खेपेला वाकून दार उघडायचं, आन् भरलेली जाळी खालनं उचलायची? चाळीस येळा?"

हा प्रश्न माहितीपत्रकात कुठेच नव्हता.

दुसऱ्या प्रकारच्या मशीनला वरून झाकण खाली येतं. जाळी कमरेच्या उंचीवर एका बाजूने सरकवायची, धुऊन झाली की दुसऱ्या बाजूने ओढायची. वाकणं नाही. किंमत बरीच जास्त आणि वीज तीन फेजची लागते. तरी मी त्याच्याच बाजूने मत दिलं. आणखी एक. या दोन्ही मशीनांत धुण्याचं पाणी टाकीतलं तेच फिरत राहतं, शेवटचं विसळणं तेवढं साधारण ८२ अंशांच्या ताज्या पाण्याने होतं. म्हणून ताटातलं खरकटं आधी नीट काढावंच लागतं, नाहीतर वरणाच्या पाण्यातच ताटं धुतली जायची. आणि आमटीची मोठी पातेली, कढया, पराती? त्या हातानेच. एक बाई जाळ्या भरायला, एक पातेल्यांना. झाल्या की दोन!

गंमत बघा, हे यंत्र मुळात काढलं ते एका बाईनेच. अमेरिकेतल्या जोसेफिन कॉक्रेन यांनी १८८६ साली त्याचं पेटंट घेतलं. पण ते मोलकरणींचे हात वाचावेत म्हणून नव्हे, त्यांच्या हातून उंची बश्यांचे टवके उडत म्हणून! १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात ते मांडलं होतं. विवेकानंद बोलले ती धर्मपरिषद त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती. पहिली गिऱ्हाइकं हॉटेलंच होती, घरात ते फार उशिरा शिरलं.

आमच्या लालबागच्या चाळीत मात्र राख आणि नारळाची शेंडी. आई गिरणीकामगारांची खाणावळ चालवायची. जर्मनची ताटं, नळाला ठरावीक वेळीच पाणी, ते जायच्या आत सगळं उरकायचं. पावसाळ्यात तिच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या पडत. त्यांवर हळद-तेल लावून ती पुन्हा कणीक मळायला बसे. पुढे १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि खाणावळवाल्या बायकांना बँकेची कर्जं मिळू लागली. धान्य, सरपण, भाडं, सगळं वहीत लिहिलं जायचं. आमच्या आईच्या वहीत भांडी घासण्याचा रकाना कधी नव्हता. १९८२ च्या संपात तिची खाणावळ बंद पडली.

भाच्याने अखेर झाकणवाल्या मशीनचे आगाऊ पैसे भरले. दोघींना ठेव आणि एकीचाही पगार कापू नकोस, असं मी त्याला स्पष्ट सांगितलंय. तो म्हणाला, "बघू, आत्या." हे 'बघू' मी पस्तीस वर्षं पालकांच्या तोंडून ऐकलंय, त्यामुळे दर रविवारी फोन करून विचारणार आहे.

सध्या तीन फेजच्या मीटरसाठी अर्ज गेलाय. थोरल्या मावशींची एकच अट आहे, मशीन खिडकीपुढे ठेवायचं नाही. दुपारचा काय तो वारा तिथूनच येतो.