चौथ्या गुणसूत्राच्या टोकाशी

संपादकांनी जनुकीय तपासण्यांवर लेख मागितला, तेव्हा रक्ताच्या थेंबावरून आयुष्य सांगणाऱ्या तपासण्यांबद्दल मी लिहीन अशी त्यांची अपेक्षा असावी. गुणसूत्राच्या अगदी टोकाला टीटीएजीजीजी ही सहा अक्षरे हजारो वेळा येतात आणि पेशी विभागताना ती झिजत जातात, हे आता पुष्कळांना माहीत आहे. पण एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांतही या टोकांची लांबी बरीच वेगळी असते, म्हणून तिच्यावरून एका माणसाचे ‘खरे वय’ काढणे चूक आहे. एवढे सांगून मी टोकाच्या थोडे अलीकडे येते. तिथे वेगळ्या प्रकारची पुनरावृत्ती आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष झाल्याची किंमत खरी माणसे मोजतात.

चौथ्या गुणसूत्राच्या लांब भुजेच्या टोकाजवळ सुमारे ३,३०० अक्षरांचा एक तुकडा एकापुढे एक येतो. त्याचे नाव डी४झेड४. निरोगी माणसांत त्याच्या साधारण ११ ते १०० प्रती असतात. त्या १० किंवा त्याहून कमी झाल्या, तर चेहरा, खांदे आणि दंड यांचे स्नायू हळूहळू दुबळे होणारा आजार होऊ शकतो. लांदूझी आणि देजेरीन या फ्रेंच वैद्यांनी १८८०च्या दशकात त्याचे वर्णन केले. झोपेत डोळे पुरते मिटत नाहीत, शीळ घालता येत नाही, हात वर नेताना खांद्याचे हाड पाठीवर पंखासारखे उचलले जाते. प्रती कमी झाल्याचा शोध १९९२चा. पण कमी होण्याने आजार का व्हावा, हे कळायला २०१० उजाडले. प्रत्येक तुकड्यात डक्स४ नावाचे जनुक आहे. गर्भाच्या पहिल्या काही पेशींत ते थोडा वेळ काम करते आणि मग बंद होते. प्रती भरपूर असल्या की हा सारा भाग बासनात बांधलेल्या पोथीसारखा आवळलेला राहतो. त्या कमी झाल्या की तो सैल पडतो आणि नको त्या वयात, स्नायूंच्या पेशींत, डक्स४ जागे होते. तरीही एक अट उरतेच. शेवटच्या तुकड्यापुढे डक्स४चा संदेश टिकवून धरणारी एक खूण लागते. ती काहींच्या चौथ्या गुणसूत्रावर असते, काहींच्या नसते. नसेल, तर प्रती कमी असूनही आजार होत नाही. आणि सगळ्याच प्रती नाहीशा झाल्या तरी होत नाही, कारण मग जागे व्हायला जनुकच उरत नाही. दोष डक्स४चाच आहे, याचा माझ्या मते सगळ्यात बोलका पुरावा हाच आहे.

सुसुमू ओनो यांनी १९७२ साली ‘जंक डीएनए’ ही कल्पना मांडल्यापासून अशा पुनरावृत्तींना सरसकट कचरा समजण्याची सवय लागली. यावर माझ्या क्षेत्रातले लोक म्हणतील, की बहुतेक पुनरावृत्ती खरोखरच निरुपयोगी आहेत आणि एका आजारावरून सगळ्यांची वकिली करू नये. ते मला मान्य आहे. माझे म्हणणे वेगळे आहे. एखादा भाग निरुपयोगी आहे हे त्या-त्या भागाच्या पुराव्यावरून ठरले पाहिजे. तो वाचायला अवघड आहे, यावरून नव्हे. मानवी जनुकसंचाची वाचणी २००३ मध्ये पूर्ण झाल्याचे जाहीर झाले, तरी उरलेला सुमारे आठ टक्के भाग २०२२ मध्ये वाचला गेला आणि त्यात बहुतांश पुनरावृत्तीच होत्या. उलट्या बाजूची चूकही तितकीच वाईट. प्रती आठ निघाल्या म्हणून कुणाच्या कपाळी आजार लिहिला, असे होत नाही. इटलीतल्या एका पाहणीत निरोगी माणसांपैकीही शंभरात एखाद्याकडे कमी प्रती आणि ती खूण दोन्ही आढळल्या. एकाच घरात बापाला जिना चढवत नाही आणि मुलीला जेमतेम लक्षणे, असेही दिसते.

म्हणूनच ‘सगळी जनुके तपासली, अहवाल नॉर्मल’ हे वाक्य मला बेचैन करते. नेहमीची एक्झोम तपासणी दीडशेच्या आसपास अक्षरांचे तुकडे वाचून संगणकावर जुळवते. ३,३०० अक्षरांचा तोच मजकूर वीसदा आला, तर कोणता तुकडा कितव्या प्रतीतला, हे तिला ठरवता येत नाही. त्यात दहाव्या गुणसूत्राच्या टोकाशीही जवळजवळ तसाच मजकूर आहे आणि तिथल्या प्रती घटल्याने सहसा काहीच बिघडत नाही. मोजणी हवी तर सदर्न ब्लॉट, ऑप्टिकल मॅपिंग किंवा लांब तुकडे वाचणारे यंत्र लागते, आणि या सोयी देशात मोजक्याच ठिकाणी आहेत. उदाहरणार्थ, भिंड, मुरैना, दतियाहून माणसे उपचाराला ग्वाल्हेरला येतात. या मोजणीसाठी त्यांना आणखी एका दूरच्या शहराचे नाव सांगावे लागते. औषधच नाही तर एवढा खटाटोप कशाला, असे विचारले जाते. आजार थोपवणारे सिद्ध औषध आज नाही हे खरे. लॉसमॅपिमॉड या संभाव्य औषधाची अखेरच्या टप्प्यातली चाचणी २०२४ मध्ये अपयशी ठरली. पण स्नायूंचा दाह समजून अशा रुग्णाला स्टेरॉइड दिली जातात, ती थांबवता येतात. डोळ्यांचा पडदा आणि लहान मुलांचे ऐकणे वेळेवर तपासता येते. अपत्याकडे हा बदल जाण्याची शक्यता निम्मी असते, हे जोडप्याला आधी सांगता येते. प्रयोगशाळेने अहवालात निदान एक ओळ ठळक छापावी: या तपासणीत डी४झेड४च्या प्रती मोजलेल्या नाहीत.