एका ध्वनिमुद्रिकेवरची फिर्याद

सन २००० च्या दिवाळीच्या सुटीत माझा भाचा मुंबईहून पुण्यास आमच्याकडे आला तेव्हा तो सोळा वर्षांचा होता, आणि सोळाव्या वर्षी माणूस ज्या निष्ठेने एखाद्या गोष्टीच्या नादी लागतो त्या निष्ठेने त्याने ‘रेडिओहेड’ या ऑक्सफर्डकडच्या पाच जणांच्या संचाची ‘किड ए’ नावाची सीडी पिशवीतून काढून माझ्या पुढ्यात ठेवली. “मामा, तू एकदा नीट ऐक, मग काय ते बोल,” ही त्याची अट. नाट्यसंगीत आणि बैठकीतले ख्याल यांवर पोसलेल्या माझ्या कानांनी ती मान्य केली खरी. परंतु पहिलेच गीत सुरू झाले आणि खुर्चीच्या हातावर माझी बोटे सवयीने मात्रा मोजू लागली, तो दर आवर्तनास दहा भरल्या. झपताल, असे मी मोठ्या समाधानाने जाहीर केले. ते समाधान दोन आवर्तनेही टिकले नाही. कारण मात्रा दहाच असल्या तरी आपल्या दोन-तीन-दोन-तीन या विभागांत ते चालणे काही केल्या बसेना, आणि सम जेथे यावी असे वाटे तेथे त्या गृहस्थांनी विद्युत्-वाद्याचा एक धूसर स्वरसंघ ठेवून दिलेला असे.

१९९७ साली ‘ओके कंप्यूटर’ने या संचास जी कीर्ती मिळवून दिली होती, तिच्यावर दुसऱ्या कोणी इनामाच्या जमिनीप्रमाणे जन्मभर बसून खाल्ले असते. परंतु दौऱ्यांनी गळून गेलेला आणि स्वतःच्याच गळ्याचा उबग आलेला गायक थॉम यॉर्क व त्याचे सोबती यांनी पॅरिस, कोपनहेगन, ग्लॉस्टरशर अशी बिऱ्हाडे बदलीत, अखेर ऑक्सफर्डमधील आपल्याच स्टुडिओत, सुमारे सव्वा वर्षाच्या खटाटोपाने जे सिद्ध केले, त्यात ज्या गिटारीच्या जोरावर ही सारी दौलत उभी राहिली तीच बहुतेक ठिकाणी कामावरून बरखास्त झालेली होती. जाहिरातीसाठी एक सुटे गीत नाही, एक चित्रफीत नाही. तरीही मुद्रिका इंग्लंड-अमेरिकेत खपाच्या यादीत अग्रस्थानी जाऊन बसली, आणि अभिप्रायांचे दोन तट पडले. एका तटाने दहापैकी दहा गुण देऊन टाकले. दुसऱ्याची फिर्याद कादंबरीकार निक हॉर्नबी यांनी ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात दाखल केली.

तिचा मतलब असा की, असली मुद्रिका समजून घ्यायची तर रात्रीमागून रात्री तिच्यापुढे बसावे लागते, आणि एवढी सवड सोळा वर्षांच्या पोरालाच असते. ज्याला नोकरी आहे, घरदार आहे, बाजारहाट करायचा आहे, त्याने हा जुलूम का सोसावा? भाच्याच्या दरबारात या अपराधास क्षमा नव्हती. मला मात्र पुढे तो लेख वाचून फिर्यादीविषयी आदरच वाटला, आणि तो अद्याप आहे. स्तुतिपाठकांची बहुतेक विशेषणे कोणत्याही मुद्रिकेस चिकटवता आली असती. या गृहस्थाने मात्र ही मुद्रिका ऐकणाऱ्यापाशी नेमके काय मागते ते अचूक नोंदले. ती वेळ मागते. त्याने तो दिला नाही, एवढेच.

मी दिला, आणि तोही एका भलत्याच कारणाने. शीर्षकगीतात यॉर्क गात नाही. तो शब्द नुसते उच्चारतो, आणि त्या उच्चारांस सूर मिळतो तो जॉनी ग्रीनवुडच्या ‘ओंद मार्तनो’ या फ्रेंच वाद्यातून, यंत्राच्या मध्यस्थीने. मॉरिस मार्तनो या सेलोवादकाने १९२८ साली ते लोकांपुढे आणले. तारेला जोडलेली एक अंगठी उजव्या हाताच्या बोटात घालायची. बोट पट्ट्यांसमोरून सरकले की स्वरही अखंड सरकत जातो, आणि डाव्या हाताखालची कळ जितकी दाबावी तितका नाद फुलतो. म्हणजे मींड! जी पेटीतून निघत नाही म्हणून आपल्या नभोवाणीने १९४० पासून कित्येक वर्षे पेटीस दरवाजा बंद ठेवला, तीच ही. मी तो भाग तीनदा लावायला सांगितला. भाचा विजयी मुद्रेने हसला. मी मनात पेटीवाल्यांचा खटला चालवीत होतो हे त्याच्या गावीही नव्हते.

‘इडियोटेक’ या गीतात चार स्वरसंघ सतत फिरत राहतात. ते पॉल लान्स्की या अमेरिकन संगीतकाराच्या १९७३ च्या रचनेतले. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या आयबीएम संगणकावर घडवलेल्या त्या रचनेचे मूळ पुन्हा वाग्नरच्या ‘ट्रिस्टन’मधील विख्यात स्वरसंघात आहे. १८६५ साली म्युनिकमध्ये प्रथम रंगभूमीवर आलेली ती विरहव्यथा अशी हस्ते-परहस्ते येऊन एका कोरड्या विद्युत्-ठेक्यावर नाचते. घराण्यांच्या चिजांचा प्रवासही असाच होतो. फरक इतका की, येथे लान्स्कींची रीतसर परवानगी घेतलेली आहे, आणि आपल्याकडे या बाबतीतले दप्तर बहुधा कोरे असते. ‘ट्रीफिंगर्स’ मात्र मला कधी पटले नाही. ते धुके आहे, आणि धुक्यासाठी महाबळेश्वर बरे.

भाचा आता चाळिशी ओलांडून गेला. घराचे हप्ते, मुलीची शाळा, कचेरीचा दोन तासांचा प्रवास. परवा फोनवर मी सहज विषय काढला, तर म्हणाला, “अजून ऐकतोस तू ते, मामा? मी कित्येक वर्षांत लावलीच नाही रे. वेळ कुठे असतो!” हॉर्नबींच्या फिर्यादीत पेन्शनरांचा उल्लेख राहून गेला आहे. मी फोन ठेवला, पहिले गीत लावले, आणि या खेपेस खुर्चीच्या हातावर चौथ्या मात्रेनंतर टाळी देऊन पाहिली. तेही जमले नाही.